मीठ कोणाचं खातो? : ड्रॅगनांची बखर, अण्णा आणि समोरचा सुवर्णदुर्ग

ओटीवरून

जून-जुलैत हर्णैत करण्यासारखं फार काही नसतं. आंबा संपलेला, मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन ठेवलेल्या. पाऊस लागला की समोरचा सुवर्णदुर्गसुद्धा दिसेनासा होतो आणि दहा मिनिटांनी पाटी पुसल्यासारखा परत उगवतो. वीज असली तर असली. अशा दिवसांत जॉर्ज आर. आर. मार्टिनचं 'फायर अँड ब्लड' वाचायला घेतलं. २०१८ चं पुस्तक, सातशेवर पानं. २०२२ पासून 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' ही मालिका आली ती यावरूनच. ड्रॅगन, चंदेरी केस, सिंहासनाची भांडणं हे सगळं मालिका बघणाऱ्यांना पाठ आहे, त्यावर मी नवीन काय सांगणार.

कादंबरी समजून उघडलं आणि पहिल्याच पानावर फसलो. हाती आली ती बखर.

सुरुवात कशाने, तर कालगणनेने! एगॉन नावाच्या राजाने वेस्टेरोस जिंकलं, तिथपासून तिकडचे लोक वर्षं मोजतात. पण लिहिणारा लगेच घसा खाकरतो: जिंकायलाच दोन वर्षांहून जास्त लागली, मुकुट डोक्यावर दोनदा चढला, आणि शक धरायचा तो ओल्डटाऊनला धर्मगुरूच्या हातून झालेल्या दुसऱ्या राज्याभिषेकापासून. ड्रॅगन राहिले बाजूला, हा बुवा तिथी काढत बसलाय. मला पुस्तक तिथेच आवडलं. घरातल्या जुन्या कागदावरच्या शकात ७८ मिळवायचे की ७९, यावरून ज्यांच्या भाऊबंदकीत एकदा तरी आवाज चढलाय त्यांना कळेल मी काय म्हणतो ते.

हा 'बुवा' म्हणजे मार्टिन नव्हे. गिल्डेन नावाचा आर्चमेस्टर, सिटाडेल या तिकडच्या विद्यापीठातला पंडित. सगळं घडून गेल्यावर बऱ्याच काळाने जुने कागद पुढ्यात घेऊन बसलाय. दुसरा एगॉन आणि त्याची सावत्र बहीण ऱ्हेनिरा यांच्यातल्या गादीच्या यादवीचा भाग (तिथला सन १२९ ते १३१) लिहिताना त्याच्याकडे मुख्य साधनं तीन. सेप्टन युस्टेस हा राजवाड्यातला धर्मगुरू, दुसऱ्या एगॉनच्या पक्षाकडे झुकलेला आणि सोवळा. ग्रँड मेस्टर मंकन नंतरचा. त्याचा ग्रंथ उभा आहे ऑरवाइल नावाच्या मेस्टरने कैदेत बसून लिहिलेल्या कबुलीजबाबावर. आणि तिसरा मशरूम, दरबारचा बुटका विदूषक. लोक त्याला मंद समजायचे, म्हणून त्याच्यासमोर काहीही बोलायचे. त्याने सगळं ऐकून ठेवलं आणि पुढे लेखनिकाला सांगून उतरवून घेतलं, वर भरपूर तिखटमीठ. युस्टेस जिथे मान खाली घालतो तिथे मशरूम दाराच्या फटीला डोळा लावून उभा.

एक नमुना देतो. राजा व्हिसेरिस मरतो, बातमी दाबून ठेवतात, रातोरात सल्लागार जमतात. म्हातारा खजिनदार बीसबरी म्हणतो, वारस राजकन्या ऱ्हेनिरा आहे, आपण सगळ्यांनी शपथ घेतलेली आहे. त्याचं पुढे काय झालं? ऑरवाइल म्हणतो, कोठडीत टाकला, तिथे गारठ्याने आजारी पडून मेला. युस्टेस म्हणतो, सर क्रिस्टन कोलने त्याला खुर्चीत दाबून बसवला आणि गळ्यावरून खंजीर फिरवला. मशरूम म्हणतो, मारलं क्रिस्टननेच, पण खिडकीतून खाली फेकून, कोरड्या खंदकातल्या सुळ्यांवर. माणूस एक, मरणं तीन. यादवीतलं पहिलं रक्त बीसबरीचं, एवढ्यावर मात्र तिघांचं जुळतं. आता ऑरवाइल स्वतः त्या बैठकीत होता. जो बैठकीत होता आणि आता कैदेत आहे, तो 'गारठ्याने मेला' असं का लिहील, हे गिल्डेन सांगत बसत नाही. आपणच समजायचं.

अण्णांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आणि डोळेही आता साथ देत नाहीत. म्हणून दिवेलागणीनंतर झोपाळ्यावर बसून मी त्यांना रोज एक प्रकरण सांगायचो. त्यांचा पहिला प्रश्न ड्रॅगनबद्दल नव्हता. "समुद्र कुठल्या अंगाला?" पुस्तकातल्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. (आठळ्या भाजत होतो, त्या पानावर राखेचा अंगठा आहे अजून.) दुसरा प्रश्न तीन साधनांची ओळख झाल्यावर आला.

"हे तिघं मीठ कोणाचं खातात?"

त्यानंतर रोज तोच प्रश्न. नवा साक्षीदार आला की झोपाळा थांबायचा, "याचं मीठ?" मशरूमचं नाव त्यांनी अळंबेबुवा ठेवलं. कॉर्लिस व्हेलारियन आला, नऊ मोठ्या सफरी केलेला, आपलं आरमार असलेला, ज्याच्या गलबतांवाचून ड्रॅगनवाल्यांचंही भागत नाही, तेव्हा खूश होऊन म्हणाले, "हे तुमचे आंग्रे."

एका जागी मात्र प्रश्न चालला नाही. एगॉनची बहीण आणि राणी ऱ्हेनिस डॉर्नच्या मोहिमेत ड्रॅगनसकट पडते. तिचं पुढे काय झालं, कोणाला ठाऊक नाही. वर्षं जातात, आणि सन १३ मध्ये डॉर्नच्या राजाची मुलगी तहासाठी येते. सोबत ड्रॅगनची कवटी आणि बापाचं एक पत्र. एगॉन सिंहासनावर बसून पत्र वाचतो. उठतो तेव्हा त्याच्या हातातून रक्त ठिबकत असतं. पत्र जाळून टाकतो, त्याच रात्री ड्रॅगनवर बसून ड्रॅगनस्टोनला जातो, सकाळी परत येऊन तह मान्य करतो. पत्रात काय होतं ते त्याने जन्मभर कोणाला सांगितलं नाही. गिल्डेन काही अफवा देतो आणि पुढच्या सालाकडे वळतो.

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "यात मीठ नाही रे. हा एकटाच साक्षीदार."

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, किल्ला लख्ख दिसत होता. लहानपणापासून त्याच्या गोष्टी ऐकतोय. सिद्दीचा वेढा पडला, किल्लेदार फितूर व्हायच्या बेतात, तेव्हा तरण्या कान्होजीने त्यालाच कैद करून किल्ला राखला, ही एक. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तेव्हा इंग्रजी हकिगतीप्रमाणे सगळं काम जेम्सच्या तोफांचं आणि मित्र म्हणून आलेलं पेशव्यांचं आरमार लांबच उभं. आपल्याकडे त्याच मोहिमेचे कर्ते रामाजी महादेव. होडीवाला सांगतो किनाऱ्यावरच्या किल्ल्यापासून समुद्राखालून भुयार आहे. हरलेल्या तुळाजीची बाजू मात्र आमच्या गावात मी कोणाच्याच तोंडून ऐकलेली नाही. चाळीस वर्षं हे सगळं एकाच पोत्यात भरलेलं होतं. 'मीठ कोणाचं' हे मी समोरच्या किल्ल्याला कधी विचारलंच नव्हतं, आणि विचारायला शिकलो ते कुठे, तर जे राज्य कधी नव्हतंच त्याच्या बखरीत.

इथे कोणी वाचलंय का हे? तुम्ही अळंबेबुवांवर विश्वास ठेवता का?

शंखपुष्पी

वाचलंय. अळंबेबुवा हे नाव आता डोक्यातून जाणार नाही, अण्णांना नमस्कार सांगा. :)

मी अलिबागची. कान्होजींची समाधी येताजाता दिसते. लहानपणी शाळेत सरखेल शिकलो, आणि पुढे कॉलेजात इंग्रजी पुस्तक हाती आलं त्यात तेच कान्होजी थेट चाचे. मला तेव्हा रागच आला होता. आता वाटतं, दस्तक (समुद्रात फिरायचा परवाना) कोणी द्यायचं आणि कोणी घ्यायचं यावरून भांडण होतं. ज्याला दस्तक घ्यावं लागलं त्याने चाचा लिहिलं. मीठ म्हणा की जकात म्हणा.

मशरूमबद्दल माझा एक नियम झालाय. तो शयनगृहातलं सांगतो तेव्हा सोडून द्यायचं. पण स्वतःच्या फायद्याचं नसलेलं काही सांगतो, कोणाच्या दुःखाबद्दल वगैरे, तेव्हा ऐकायचं.

पडदापसंत

मी फक्त मालिका पाहिली आहे, त्यामुळे चूकभूल माफ. त्यात बीसबरीला क्रिस्टन कोल धरून खाली बसवतो आणि त्याचं डोकं टेबलावरच्या दगडी गोळ्यावर आपटतं. म्हणजे हे चौथं मरण झालं! आणि आम्ही तेच खरं धरून चाललोय.

ओटीवरून

पडदापसंत, अगदी हेच. पडद्यावर कॅमेरा आत जातो, दार बंद करून घेतो आणि आपल्याला दाखवतो, त्यामुळे शंका घ्यायला जागा उरत नाही. मालिकेतले नट उत्तम आहेत, माझी तक्रार नाही. पण पुस्तकात मी त्या खोलीच्या बाहेर उभा होतो आणि तीन माणसं बाहेर येऊन तीन गोष्टी सांगत होती. मला ते बाहेर उभं राहणं जास्त आवडलं.

खडूस_वाचक

लेख छान जमलाय, पण एक विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे खऱ्याखुऱ्या बखरी धूळ खात पडल्यात. शिवाजी महाराजांवरची सभासदाची बखर, तो सभासद किती जणांनी मुळातून वाचलाय? इथल्या दहांत एकाने तरी? मोडी वाचणारे शोधावे लागतात. आणि आपण सातशे पानं घालवायची कोणा अमेरिकन माणसाने बसल्या जागी रचलेल्या वंशावळीवर? दुसऱ्या एगॉनचा मामा कोण हे पाठ करून करायचंय काय? वर पुन्हा 'यातून इतिहास वाचायला शिकलो'. पोहायला शिकायला घराच्या हौदात कशाला, समोर समुद्र असताना?

ओटीवरून

खडूसराव, राग कसला. पण तुम्ही किनाऱ्यावरचे नसावात. आमच्याकडे पोरं विहिरीतच शिकतात पोहायला, समुद्रात नाही. समुद्रात शिकायला गेलेलं पोर परत येईलच असं नाही.

थट्टा सोडा. खरी बखर उघडली की मी आधीच कोणाच्या तरी बाजूचा असतो. आडनाव, गाव, जात, शाळेत फळ्यावर काढलेलं चित्र, सगळं मध्ये येतं. वेस्टेरोसमध्ये माझं कोणीच नाही. म्हणून तिथे पहिल्यांदा नुसतं बघता आलं, की धर्मगुरू असा लिहितो, कैदी असा आणि विदूषक असा.

बखरवेडा

खडूस यांच्याशी अर्धा सहमत. म्हणजे सभासद वाचाच. पण वाचताना अण्णांचा प्रश्न सोबत घ्या. कृष्णाजी अनंत सभासद १६९० च्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहितोय. थोरले महाराज जाऊन पंधराएक वर्षं झालेली, संभाजी महाराज मारले गेलेले, रायगड हातचा गेलेला. धाकट्या भावाच्या दरबारात बसून थोरल्या भावाबद्दल कसं लिहिलं जाईल? हा प्रश्न घेऊन वाचलं की तीच पानं वेगळी दिसतात. चिटणीसांची बखर तर त्याच्याही शंभरेक वर्षांनंतरची. त्यांच्या घराण्यातल्या माणसांना बखरीत किती जागा मिळते ते मोजून बघा, गंमत वाटेल.

आणि आपल्याकडे एक सोय आहे जी गिल्डेनकडे नाही: बाहेरचा कागद. शिवजन्माचं साल बखरींवरून १६२७ धरलं जायचं. लोकमान्यांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, त्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया निघाली, म्हणजे १६३०. नुसत्या टिपणांची शकावली, ना अलंकार ना कोणाची स्तुती, आणि तिने भरजरी बखरींना

व्यवस्थापक

बखरवेडा, प्रतिसाद अर्धवट तुटलाय की मुद्दाम सोडलाय माहीत नाही, पण जन्मतिथीवर वेगळा धागा आहे आणि तो तीनदा कुलूपबंद झालाय. इथे त्यावर एकही प्रतिसाद नको. बाकी चालू द्या.

बखरवेडा

तुटला होता. मोबाईल. असो, मुद्दा पोचला.

केळव्याची

माहीम-केळव्याकडच्या कोणी महिकावतीच्या बखरीचं नाव कसं काढलं नाही? आमच्याच उत्तर कोकणातली, आणि ओटीवरून म्हणताहेत तो सगळा खेळ तिच्यात आहे. राजवाड्यांनी १९२४ साली संपादून काढली. ती एका हातची नाहीच. वेगवेगळ्या काळातली प्रकरणं एकत्र बांधलेली, काही गद्य, काही पद्य. त्यातलं केशवाचार्यांचं प्रकरण शके १३७० चं, म्हणजे १४४८. बिंब राजा आला, सोबत अमुक कुळं आली, अमुक गावं त्यांना दिली. आता कुळांची यादी आली की समजा मीठही आलं. ज्याचं कुळ यादीत, त्याला बखर प्रमाण. ज्याचं नाही, तो म्हणणार भाकडकथा. मुळात महिकावती म्हणजे मुंबईचं माहीम की आमचं, इथपासून वाद.

माझ्या आजोबांकडे त्या पुस्तकाची एक जीर्ण प्रत होती, कव्हर गेलेलं. समासात त्यांनी पेन्सिलीने जागोजागी एकच शब्द लिहिलेला: 'कशावरून?' अण्णांची आठवण झाली म्हणून सांगितलं.

मालवणी_मुलूख

ओटीवरून, तुमी बरा लिवलास. आमच्या मालवणाक येवा, सिंधुदुर्गार जावया. होडयेवालो तुमका महाराजांच्या हाताचो आनि पायाचो ठसो दाखवतलो. सांगताना इतक्या खात्रेन सांगता की जसो काय चुनो कालवक तोच हुतो. मी ल्हानपणी तेका इचारलंय, तुका कोणी सांगल्यान? तर म्हणता, माझ्या बापाशीन. आनि तेका? तेच्या बापाशीन. माझ्या डोक्यात तेवा गणित सुरू, किती बापूस मागे गेलो की १६६४ येता?

ह्या पुस्तक मराठीत इला तर सांगा. माका येवढा इंग्लिश वाचूक जमणा नाय.

सुरंगी

मला या पुस्तकाबद्दल एक वेगळंच सांगायचंय, आणि ते जरा कडू आहे.

सन १०१ मध्ये हॅरनहॉलला मोठी सभा भरते. म्हातारा राजा जेहेरिस, त्याचे वारस ठरलेले मुलगे गेलेले, गादीवर कोण बसणार? थोरल्या मुलाची मुलगी ऱ्हेनिस (ही दुसरी, पहिलीच्या नावाची) आणि तिचा मुलगा एका बाजूला, धाकट्या मुलाचा मुलगा व्हिसेरिस दुसऱ्या बाजूला. सभा व्हिसेरिसला निवडते. त्यानंतर सगळे म्हणायला लागतात की बाईला आणि बाईच्या वंशाला गादी नाही, हे ठरलेलंच आहे. सभेने एक माणूस निवडला होता. तिचा नियम नंतरच्या माणसांनी केला. पुढे हाच व्हिसेरिस स्वतःच्या मुलीला वारस नेमतो आणि त्यातून यादवी पेटते. इंग्लंडात ११३५ नंतर मटिल्डा आणि स्टीफनचं जे झालं त्याच्याशी हे बरंचसं जुळतं.

मी हे वाचत होते ते माहेरी, गुहागरला. बाबांच्या कपाटात आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, बऱ्याच घरांत असतो तसा. एकेका पुरुषाला परिच्छेद: शिक्षण, नोकरी, कुठे घर बांधलं, कोणत्या साली देवळाला किती दिले. मुलींना एक ओळ. नाव, 'दिली अमुक गावी, अमुक यांस', सासरचं नाव, पूर्णविराम. माझ्या आत्तेआजीने दोन पुरांत आणि एका वादळात घर एकटीने सावरलं, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. कुलवृत्तांतात तिची ओळ अकरा शब्दांची आहे. मोजली.

गिल्डेन निदान अ‍ॅलिसेन राणीवर पानंच्या पानं लिहितो. गावोगाव बायकांच्या सभा भरवून त्यांचं ऐकणारी राणी, जहागीरदाराचा पहिल्या रात्रीचा हक्क रद्द करायला लावणारी राणी. ते वाचताना बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की इथेही लिहिणारा पुरुषच आहे, आणि तिच्या मुलींची दुःखं तिथेही घाईघाईत येतात. आपल्या कुलवृत्तांताला कोणी अळंबेबुवा मिळाला असता तर काय काय निघालं असतं, या विचाराने मात्र हसू आलं.

केळव्याची

सुरंगी, अकरा शब्द. बाई गं.

निळी_होडी

इथे बखरवेडा यांनी 'बाहेरचा कागद' म्हटलंय ना, माझा खरा आक्षेप तोच आहे. उद्या कुठल्या तरी वाड्याच्या माळ्यावर कागद सापडला तर सभासद चुकला की बरोबर हे कळू शकतं. बीसबरीचं कधीच कळणार नाही. कारण बीसबरी मेलाच नाही, तो जन्मलाच नव्हता. तीन गोष्टींच्या मागे एक खरी गोष्ट लपलीय असं आपल्याला वाटतं, पण मागे भिंत आहे. लेखकाने 'मला माहीत नाही' म्हणणं आणि इतिहासकाराने म्हणणं यात फरक आहे. इतिहासकाराला खरंच माहीत नसतं.

शंखपुष्पी

निळी_होडी, पटतंय. तरी थोडा बाहेरचा कागद मार्टिनने ठेवलाय बरं का. मूळ कादंबऱ्या ('गेम ऑफ थ्रोन्स' ज्यांवरून आली त्या) या यादवीच्या पावणेदोनशे वर्षांनंतरच्या आहेत. त्यांत स्टॅनिस हा गादीचा एक दावेदार ऱ्हेनिराचा विषय निघाल्यावर म्हणतो की ती भावाचं राज्य बळकावायला निघाली आणि राजद्रोह्याच्या मरणाने मेली. आता गंमत बघा, यादवीनंतर गादीवर बसले ते तिचेच मुलगे, आधी एक मग दुसरा. पुढचे सगळे राजे तिच्या पोटचे. तरीही राजांच्या यादीत भाऊ राहिला आणि ती द्रोही ठरली. हे कसं झालं ते 'फायर अँड ब्लड' थेट सांगत नाही. दोन पुस्तकं शेजारी ठेवली की फट दिसते.

मला वाटतं मुलांनाही आपल्या आईचं नाव यादीत घालणं परवडलं नसेल. (सुरंगीची अकरा शब्दांची ओळ डोक्यातून जात नाहीये.)

खडूस_वाचक

वाचणार नाहीच मी ते. पण ओटीवरून, तुमच्या मूळ लेखात एक राहून गेलं. १७५५ ला सुवर्णदुर्ग जेम्सने घेतला तो करारानुसार पेशव्यांना मिळाला, हे लिहा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत विजयदुर्गाला मात्र इंग्रज किल्ला बळकावून बसले आणि बाणकोट घेऊन मग सोडला. दोन्ही हकिगती शेजारी ठेवल्या तर 'मित्र आरमार लांब उभं होतं' हे इंग्रजांना एवढं ठासून का लिहावंसं वाटलं असेल, त्याचा अंदाज येतो. लुटीत वाटा मागायला जो येणार, तो लढलाच नाही असं लिहून ठेवलेलं बरं.

ओटीवरून

खडूसराव! हे तर अण्णांना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाले, "या गृहस्थांना घरी बोलाव."

बखरवेडा

त्या जळलेल्या पत्राबद्दल. आपल्याकडे याच्या बरोबर उलटं उदाहरण आहे. पानिपतची बातमी नानासाहेबांना वाटेत कळली ती एका सावकारी पत्रातून. त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा गेल्याचा हिशेब होता. हिशेबाच्या भाषेत लिहिलेली माणसं. ते वाचून पेशवे खचले, आणि काही महिन्यांत गेले. पण पत्रातला मजकूर आज शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. आपला शोक पाठ झालाय, एगॉनचा जळून गेला.

अण्णांना विचारा ना, त्यांच्या मते पत्रात काय होतं? चाहत्यांत यावर भांडणं आहेत. कोणी म्हणतं राणी जिवंत होती आणि हाल चालले होते, कोणी म्हणतं एगॉनच्या मुलावर मारेकरी घालायची धमकी.

ओटीवरून

विचारलं. आज लाईट नाही, मोबाईलच्या उजेडात लिहितोय, पाच टक्के उरलेत.

म्हणाले, "मजकूर काही का असेना. अक्षर तिचं असणार."

मग म्हणाले, पुढे काय झालं? सांगितलं की हे पुस्तक सन १३६ ला संपतं. पोरगा राजा वयात येतो आणि कारभाऱ्यांना घरी पाठवतो, तिथे. दुसरा खंड यायचाय. कधी येणार ते लेखकालाच ठाऊक.

"किती वयाचा आहे लेखक?"

"१९४८ चा."

अण्णा १९४५ चे. झोपाळ्याला पायाने रेटा दिला आणि म्हणाले, "पोरच आहे अजून. लिहील."